खिडकीतला मनी प्लांट आणि सिगारेटचा धूर: झाडाची साक्ष किती खरी?



काही दिवसांपूर्वी ओपीडीत एक जोडपं आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलं होतं. सतत खोकला, रात्री छातीत घरघर, महिन्यातून दोनदा नेब्युलायझर. अशा वेळी घरात कोणी सिगारेट ओढतं का, हे मी नेहमी विचारतो. आई गप्प बसली. वडील म्हणाले, "मी ओढतो, पण हॉलच्या खिडकीत उभा राहून. आणि डॉक्टर, त्याच खिडकीत आमचा मनी प्लांट आहे. छतापर्यंत गेलाय. धूर एवढा वाईट असता तर आधी तोच नसता का मेला?"

प्रश्न ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धुराने झाडाचं काय होतं, याचा शोध शास्त्रज्ञ दीडशेहून अधिक वर्षं घेत आले आहेत, आणि त्या शोधातून वैद्यकशास्त्रालाही बरंच काही मिळालं आहे. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो. शेवटी त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही आपोआप मिळेल.

लंडनचा डॉक्टर आणि बाटलीतलं नेचं

सुरुवात एका डॉक्टरपासूनच करू. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या वस्तीत प्रॅक्टिस करायचे. त्यांना नेच्यांची, म्हणजे फर्नची फार आवड. पण आसपासच्या कारखान्यांचा कोळशाचा धूर इतका, की अंगणात लावलेली नेची एकामागून एक मरायची.

१८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून काचेच्या बाटलीत ठेवला आणि वर झाकण लावलं. पतंग कधी बाहेर येतो ते त्यांना बघायचं होतं. झालं भलतंच. बाटलीतल्या मातीतून एक नेचं आणि थोडं गवत उगवलं आणि पाणी न घालताही वाढत राहिलं. जी वनस्पती बाहेर जगत नव्हती, ती बंद बाटलीत जवळजवळ चार वर्षं जगली. वॉर्डच्या लक्षात आलं की बाटलीत ओलावा टिकतो आणि शहराचा धूर आत येत नाही.

यातूनच काचेची 'वॉर्डियन पेटी' जन्माला आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपं लंडनहून बोटीने सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. हिवतापावर क्विनाइन देणारा सिंकोना १८६० च्या दशकात निलगिरीत आला, त्यातही या पेट्यांचा वाटा होता.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. झाड मरतंय हे दिसल्यावर त्याला धुरापासून वेगळं करायची युक्ती एका माणसाने काही वर्षांत शोधली. त्याच वस्तीतली माणसं मात्र तोच धूर पुढेही घेत राहिली. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात दाट धुरक्याने हजारो माणसं मेली, तेव्हा कुठे १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. झाडाचं दुखणं आधी दिसतं आणि माणसाचं उशिरा. ही गोष्ट पुढेही दिसणार आहे.

रस्त्यावरचे दिवे आणि आडवे वाढणारे वाटाणे

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत गॅसचे दिवे आले. कोळशापासून काढलेला हा गॅस जमिनीखालच्या नळांतून जायचा आणि ते नळ गळायचे. जिथे गळती, तिथली रस्त्याकडेची झाडं अवेळी पानं गाळायची. १८६४ मध्ये जर्मनीतल्या शहरांबद्दल अशी निरीक्षणं प्रसिद्ध झाली.

गॅसमधला नेमका कोणता घटक हे करतो, ते १९०१ मध्ये कळलं. रशियात सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव नावाचा तरुण विद्यार्थी अंधारात वाटाण्याचे कोंब वाढवत होता. प्रयोगशाळेत कोंब सरळ वर जाण्याऐवजी आडवे वाढायचे. बाहेरची हवा दिली की सरळ व्हायचे. त्याने गॅसमधले घटक एकेक करून तपासले आणि गुन्हेगार सापडला: इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा एक साधा वायू. लाकूड, कोळसा, रॉकेल, कागद, तंबाखू असं काहीही अर्धवट जळलं की तो थोडाफार तयार होतोच.

शिकागोची झोपलेली फुलं

त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेतल्या शिकागोमध्ये कार्नेशनच्या फुलांचे व्यापारी हैराण झाले. उमललेली फुलं काचघरात मिटून जायची. ते म्हणायचे, फुलं 'झोपली'. शिकागो विद्यापीठातल्या विल्यम क्रॉकर आणि ली नाइट या दोघांनी १९०८ मध्ये याचं कारण दाखवून दिलं. इथेही दिव्याचा गॅस आणि त्यातलं इथिलीनच होतं.

त्यांनी काढलेलं प्रमाण वाचून आजही आश्चर्य वाटतं. वीस लाख भाग हवेत फक्त एक भाग इथिलीन असेल आणि बारा तास गेले, तर उमललेलं कार्नेशन मिटतं. इतक्या कमी गॅसचा वास माणसाच्या नाकाला येत नाही, पण फुलाला तो पुरतो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

तंबाखूच्या धुराची पाळी

मग कोणीतरी तंबाखूकडे वळणं साहजिकच होतं. व्हिएन्नातले वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९११ मध्ये तंबाखूच्या धुराचा वनस्पतींवर काय परिणाम होतो, यावर प्रबंध प्रसिद्ध केला. हेच मोलिश पुढे काही काळ कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काम करून गेले. काचेच्या झाकणाखाली तंबाखूचा धूर सोडला की कडधान्यांचे कोवळे कोंब खुरटतात आणि जाड होतात, काही झाडांची पानं गळतात, असं त्यांना दिसलं.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, शिकागोच्या नाइट आणि क्रॉकर यांनी धुराच्या विषारीपणावर लेख लिहिला. कोंबांवर दिसणारा परिणाम मुख्यतः धुरातल्या इथिलीनचाच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे 'सिगारेटचा धूर झाडाला बाधतो का' या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे. हो, बाधतो. बंद जागेत, दाट धुरात आणि कोवळ्या झाडाला तर नक्कीच.

हे का घडतं, ते १९३४ मध्ये नीट कळलं. रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने सिद्ध केलं की पिकलेली सफरचंदं स्वतःच इथिलीन सोडतात. म्हणजे इथिलीन हे झाडाचं स्वतःचं संप्रेरक, आपल्या भाषेत हॉर्मोन. फळ पिकवणं, पान पिवळं करून गाळणं, फूल कोमेजवणं ही कामं झाड याच निरोपाने करतं. धुरातून बाहेरचं इथिलीन आलं की झाडाला वाटतं, आपली वेळ झाली.

आपल्याकडे हे ज्ञान पुस्तकात नसलं तरी हातात होतं. आंब्याची अढी गवतात झाकून लावायची, म्हणजे फळांनी सोडलेला वायू आतच राहतो. केळी बंद खोलीत धूर करून पिकवायची जुनी पद्धत तर थेट धुरातल्या इथिलीनवरच चालते. आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये मोजून इथिलीन सोडतात, आणि त्याला आपल्याकडे परवानगीही आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

त्याच वायूने माणसाला भूल

आता या गोष्टीतला डॉक्टरांचा भाग. शिकागो विद्यापीठातच आर्नो लकहार्ट नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. कार्नेशन झोपवणारा हा वायू प्राण्यांना काय करतो, असा प्रश्न त्यांना पडला. आधी प्राण्यांवर आणि मग स्वतःवर आणि सहकारी कार्टर यांच्यावर त्यांनी प्रयोग केले. १९२३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये डॉ. इसाबेला हर्ब यांनी शस्त्रक्रियेच्या पेशंटला इथिलीनची भूल दिली. पुढची दोन-तीन दशकं ही भूल वापरात होती. इथिलीन ऑक्सिजनबरोबर स्फोट करतं, त्यामुळे १९५० च्या दशकात हॅलोथेनसारखी न पेटणारी औषधं आल्यावर ती मागे पडली.

भूल द्यायला किती इथिलीन लागायचं? सुमारे ८० टक्के इथिलीन आणि २० टक्के ऑक्सिजन. आता मघाचा आकडा आठवा. फुलाला वीस लाखांत एक भाग पुरतो आणि माणसाला शंभरात ऐंशी लागतात. हा फरक सुमारे सोळा लाख पटींचा आहे. फुलाला मिटवायला जेवढं पुरतं, तेवढं इथिलीन तुमच्या खोलीत असलं तरी तुम्हाला त्याची जाणीवही होणार नाही.

सगळ्या लेखातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. झाडाचं विष वेगळं आणि माणसाचं विष वेगळं. धूर एकच, पण त्यातला ज्याचा त्याचा शत्रू निराळा.

उलट बाजूने बघा. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. झाडाच्या अंगात असं रक्त फिरत नाही. धुरातले अतिसूक्ष्म कण आपल्या फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. झाडाच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यावर ते नुसते बसतात. लहान मुलाच्या श्वासनलिका अरुंद असतात, धुराने त्या सुजतात आणि घरघर सुरू होते. मनी प्लांटला घरघर होत नाही.

निकोटिन: झाडाचं औषध?

आणखी एक मजेशीर पान उलटू. इंग्लंडमधले माळी काचघरात मुद्दाम तंबाखूचा धूर करायचे. कशासाठी? झाडांवरचा मावा मारायला. आपल्याकडेही शेतकरी माव्यावर तंबाखूचा काढा फवारत आले आहेत. यातलं मारक द्रव्य निकोटिन. ते १८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पोसेल्ट आणि रायमान यांनी वेगळं केलं. तंबाखूचं झाड निकोटिन बनवतं तेच मुळी आपली पानं किड्यांपासून वाचवायला. किड्याच्या मज्जासंस्थेवर ते घाला घालतं आणि आपल्याही मज्जासंस्थेवर काम करतं. झाडाला मज्जासंस्थाच नाही. म्हणून ज्या धुराने मावा मरायचा, त्याच धुरात मोठं झाड तगून राहायचं.

पण याचा अर्थ झाड धुरापासून अलिप्त राहतं असा नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी पुदिन्याच्या रोपांना सिगारेटचा धूर दिला, तेव्हा पानांत निकोटिन शिरल्याचं आढळलं. तुम्ही जिथे सिगारेट ओढता त्याच बाल्कनीतला पुदिना, तुळस किंवा गवती चहा घरात वापरत असाल, तर याचा विचार करा.

धूम्रपान करणाऱ्यांच्या हातून झाडाला आणखी एक धोका असतो, पण तो धुरातून येत नाही. तंबाखूच्या पानांवर नक्षीसारखे डाग पाडणारा एक रोग आहे, मोझेक. अडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये तो रसातून पसरतो हे दाखवलं, इव्हानोव्हस्की आणि बायरिंक यांनी १८९२ आणि १८९८ मध्ये पुढचे प्रयोग केले, आणि त्यातून 'व्हायरस' ही कल्पनाच जन्माला आली. हा विषाणू फार चिवट आहे. सिगारेटमधल्या सुक्या तंबाखूतही तो राहू शकतो आणि बोटांवरून टोमॅटो, मिरचीच्या रोपांना लागू शकतो. म्हणून सिगारेट हाताळल्यावर साबणाने हात धुवूनच कुंड्यांना हात लावा.

माणसाच्या पुराव्याला लागलेली वर्षं

तंबाखूचा धूर झाडाला बाधतो हे १९११ ते १९१३ मध्ये छापून आलं होतं. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर माणसाला बाधतो, याचा भक्कम पुरावा कधी आला? १९८१ मध्ये. जपानमधले ताकेशी हिरायामा यांनी स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा १४ वर्षं मागोवा घेतला. ज्यांचे नवरे जास्त सिगारेटी ओढायचे, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जास्त होते. या बायकांनी आयुष्यात सिगारेट हातात घेतली नव्हती.

त्यावर बराच वाद झाला. पण पुरावा वाढत गेला आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्ट सांगितलं की दुसऱ्याच्या धुराची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम अधिक कडक झाले. पण हे सगळं सार्वजनिक जागेसाठी. तुमच्या हॉलमध्ये कायदा येत नाही. तिथे निर्णय तुमचाच.

मध्ये जवळजवळ सत्तर वर्षं का गेली? वाटाण्याचा कोंब काही दिवसांत आडवा होतो. माणसाचा कॅन्सर वीस-तीस वर्षांनी उगवतो. झाड पटकन दाखवतं, शरीर हळूहळू दाखवतं. म्हणून 'अजून काही झालं नाही' याचा अर्थ 'काही होणार नाही' असा होत नाही.

मग मनी प्लांट का टिकतो?

साध्या घरात खिडक्या उघडतात, दारं उघडतात, पंखा फिरतो. धूर पातळ होतो आणि इथिलीनही. शिवाय सगळी झाडं सारखी नसतात. फुलांवरची झाडं, ऑर्किड, कार्नेशन, गुलाब नाजूक असतात. कळ्या गळणं हे त्यांचं पहिलं लक्षण. मनी प्लांट, स्नेक प्लांट दणकट असतात. इंग्लंडमध्ये गॅसच्या दिव्यांच्या काळात बैठकीच्या खोलीत ॲस्पिडिस्ट्रा लावायची फॅशन होती, कारण त्या कोंदट हवेत तेच झाड तगायचं. त्याला लोक ओतीव लोखंडाचं झाड म्हणायचे.

काही जण उलट विचारतात, "झाडं धूर शोषून घेतात ना? मग दोन कुंड्या वाढवतो." हा समज १९८९ च्या नासाच्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग छोट्या, बंद पेट्यांमध्ये झाले होते. तुमचा हॉल तशी पेटी नाही. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचं गणित मांडलं. इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीने जेवढे दूषित वायू निघून जातात, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी शंभरावर कुंड्या. मग तुम्ही बसणार कुठे? आणि हे गणित वायूंचं आहे, मुलांच्या छातीत जाणाऱ्या सूक्ष्म कणांचं नाही.

थोडक्यात

- सिगारेटचा दाट धूर झाडांना बाधतो. मुख्य कारण इथिलीन. पानं पिवळी पडणं, कळ्या गळणं, कोवळी वाढ खुंटणं ही त्याची लक्षणं.
- हवेशीर घरात दणकट झाडांवर हा परिणाम सहसा दिसत नाही.
- झाड टवटवीत आहे म्हणून हवा माणसासाठी सुरक्षित आहे, असं होत नाही.
- कुंड्या धूर काढत नाहीत. खिडकीत उभं राहून ओढलेली सिगारेटही वाऱ्याने आत येते, पडद्यांवर, गादीवर, कपड्यांवर बसते.
- घरात कोणीच सिगारेट न ओढणं हा एकच खात्रीचा उपाय आहे. सोडायची असेल तर डॉक्टरांशी बोला. निकोटिन गम, पॅच, गोळ्या आणि समुपदेशन, सगळं उपलब्ध आहे.

त्या वडिलांना मी हे सगळं सांगितलं नाही. ओपीडीत तेवढा वेळ नसतो. मी एवढंच म्हणालो, "तुमच्या मनी प्लांटला फुफ्फुसं नाहीत. मुलीला आहेत, आणि ती अजून वाढताहेत. मनी प्लांटचं पान गळलं तर नवं येईल."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "गोळ्यांनी सुटते का खरंच?"

प्रयत्न करणाऱ्या बऱ्याच जणांची सुटते, कधी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. तुमच्याही घरात असा एखादा टवटवीत साक्षीदार खिडकीत उभा असेल, तर त्याला खुशाल पाणी घाला. पण धुराबद्दल त्याची साक्ष मानू नका.